शारदाक्कांचा बेडूक

कुणीही कॅसेट घेऊन दारात आलं की शारदाक्का त्याला आधी बसवायच्या, समोर तांब्या-भांडं ठेवायच्या आणि मग विचारायच्या, "ह्यात बेडूक आहे का?"

आलेला माणूस चक्रावायचा. बिचारा पत्ता विचारत विचारत बंगळूरच्या बसवनगुडीतल्या आमच्या गल्लीत पोचलेला असायचा, कुणी राजाजीनगरहून, कुणी थेट हेब्बाळहून दोन बस बदलून. त्याच्या व्हिडिओ गेमची कॅसेट बंद पडलेली, घरी पोरांनी डोकं उठवलेलं, आणि इथे ही बाई बेडकाची चौकशी करतेय.

"छत्री घेतलेला बेडूक," अक्का खुलासा करायच्या. "नदी पार करतो. आहे की नाही, तेवढं सांग."

नसायचा. "सरी, बरं," म्हणून त्या चष्मा नाकावर ओढायच्या आणि कामाला लागायच्या. मी त्या घरात चार वर्षं राहिले. हा प्रश्न किती वेळा ऐकला असेन त्याला गणती नाही. सुरुवातीला तर मला वाटलं होतं, बाईच्या डोक्यात जरा फरक आहे.

नव्वदीच्या दशकातली ही गोष्ट. टीव्हीला एक प्लास्टिकचा खोका जोडायचा, त्याच्या डोक्यात जाडजूड कॅसेट खुपसायची आणि हातातली बटणं बडवत बसायचं, असला तो खेळ. कॅसेटच्या पोटात एक हिरवी पट्टी, पट्टीवर दोन चिपा. अक्का सांगायच्या, एक चिप म्हणजे खेळाचं डोकं आणि दुसरी म्हणजे त्याचं तोंड. कुणी कुठे पळायचं, कधी मरायचं ते पहिलीत. चित्रं सगळी दुसरीत. यातली एखादी मेली की दुकानदार हात वर करायचे. अक्का मात्र कोरी चिप आणायच्या, आतल्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरला जोडून तिच्यात दुसऱ्या चालू कॅसेटवरून सगळं जसंच्या तसं भरायच्या आणि पट्टीवर बसवून द्यायच्या. हुबेहूब नवी कॅसेट. बंगळुरात हे काम करणारे आणखीही असतील. पण अंबाडा घालून, सुती साडीचा पदर खोचून ते करणारी पंचावन्न वर्षांची बाई दुसरी नसणार, हे मी पैजेवर सांगते.

मी त्यांची वरच्या मजल्यावरची भाडेकरू. नवरा सरकारी संशोधन संस्थेत लागला म्हणून पुण्याहून उचलून इथे आणून टाकलेली. एका शाळेत गणित शिकवायचे, आणि व्हिडिओ गेमबद्दल माझं मत कुठल्याही मास्तरणीचं असतं तेच होतं, म्हणजे भिकेचे डोहाळे. पहिल्या आठवड्यात टाकीत पाणी नाही म्हणून तणतणत खाली गेले, तर अक्का टेबलाशी वाकलेल्या. हातात सोल्डरिंगची सळई, सळईच्या टोकाशी धुराची बारीक रेघ. मी दारात उभी राहून भाडेकरूंच्या हक्कांवर एक छोटं भाषण केलं. मान वर न करता त्या म्हणाल्या, "अगं पुणेवाली, उभी राहू नको, उजेड अडतो. कूत."

कूत म्हणजे बस, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण आवाज असा होता की मी बसले. पाणी संध्याकाळी आलं. मी मात्र दुसऱ्या दिवशी पाणी असूनही खाली गेले.

त्यांचं घराणं तीनशे वर्षांपासून कर्नाटकातलं. घरात मराठीच, पण ती अशी की निम्मी वाक्यं कन्नडच्या अंगणातून फिरून यायची. "स्वल्प थांब", "सुम्ने बस की" म्हणजे गप्प बस की, काम झालं की "आयतु". माझं मराठी त्यांना रेडिओवरच्या बातम्यांसारखं वाटायचं. "तू बोलायला लागलीस की मला वाटतं, आता हवामान सांगणार," असं म्हणून त्या खुदखुदायच्या. मी चिडायचे. चिडवून घेणं मला जमत नाही आणि त्यांना ते पहिल्या दिवशीच कळलं होतं.

टेलिफोनची यंत्रं करणाऱ्या सरकारी कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं सांधे जोडले होते. यजमान लवकर गेले, पदरात एक मुलगा, वेंकटेश. वेंकू. मग कारखान्यात सांधे जोडायची मशिनं आली, बायकांना स्वेच्छानिवृत्तीचे कागद दिले, तेव्हा अक्का घरी आल्या. येताना भंगारात निघालेली चिपा भरायची पेटी मागून आणली. "मशिनला काय, एक शिकवलं की तेच करतं," त्या म्हणायच्या. "सांधा कसा असतो ठाऊक आहे? तुपासारखा वितळला पाहिजे आणि चमकला पाहिजे. मळकट दिसला की समज, आतून धरला नाही." त्यांचा मळकट सांधा मी पाहिला नाही. घरातल्या मिक्सरपासून माझ्या नवऱ्याच्या स्कूटरच्या हॉर्नपर्यंत त्यांनी जे जोडलं ते पुन्हा तुटलं नाही. एकदा मी विचारलं, "अक्का, तुमची कधी चूक होतच नाही?" तर म्हणाल्या, "होते की. पण हाताची नाही होत."

दाराला पाटी होती, कन्नडमध्ये ठळक अक्षरांत: ऊदबेडी. फुंकू नका. कॅसेट चालेनाशी झाली की लोक तिच्यात फुंकर मारतात आणि ती चालतेसुद्धा, घटकाभर. अक्कांना त्याचा भयंकर राग. "थुंकी जाते आत! पितळेला काय होतं थुंकीनं? मग रडत येतात." येणारा कितीही मोठा असो, त्याला आधी विचारायच्या, "फुंकलंस?" आणि भल्या थोरल्या बँकेतले साहेब खाली मान घालून म्हणायचे, "एकदाच, अक्का." गल्लीत एक सनई वाजवणारे म्हातारे राहायचे. त्यांना ती पाटी आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटून ते महिनाभर अक्कांशी बोलत नव्हते. शेवटी अक्का स्वतः कोसंबरीची वाटी घेऊन गेल्या तेव्हा मिटलं.

पण त्यांची खरी करामत मला कळली ती राजाजीनगरच्या शिंप्यामुळे. तो नातवाची कॅसेट दुरुस्त करायला आला होता. दुरुस्त झालेला खेळ टीव्हीवर चालू झाला, एक बुटका गडी उड्या मारत पळायला लागला, तशी त्या शिंप्यानं तोंड वाकडं केलं. "अक्का, ह्याला अर्धी चड्डी का हो? मोठा मिशीवाला माणूस. पंचे नेसवता येईल का?" पंचे म्हणजे तिकडचं धोतर. तो आपला गंमत करत होता. अक्कांनी गंमत केली नाही. "गुरुवारी ये," म्हणाल्या.

तो गेल्यावर त्यांनी आलेखाची वही काढली. त्या खेळातली चित्रं म्हणजे आठ बाय आठ चौकोनांची घरं. कुठला चौकोन भरायचा, कुठला रिकामा ठेवायचा, एवढंच. रोज पहाटे अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला यात नवीन काहीच नव्हतं. त्यांनी पेन्सिलीनं ठिपके भरत भरत त्या गड्याला पंचे नेसवले, काठासकट. मग प्रत्येक ओळीचा आकडा करायचा आणि तो चिपेत भरायचा. हे आकडेही अर्धे आकडे आणि अर्धी इंग्रजी अक्षरं. एक चुकला की चित्राचा दात पडलाच म्हणून समजा. "तू मास्तरीण ना? वाच मोठ्यानं," म्हणून वही माझ्या हातात दिली. मी वाचत गेले, त्या पडद्यावर ताडत गेल्या. गुरुवारी शिंपी आला. आपला गडी पंचे सावरत पळताना पाहून तो इतका हसला की त्याला ठसका लागला. तेव्हापासून दुपारी शाळेतून आले की पाय आपोआप खाली वळायचे. भिकेचे डोहाळे बिहाळे सगळं विसरले मी.

बेडकाचं त्यांनी मला सांगितलं ते माझं तिथलं पहिलं वर्ष सरल्यावर. तेही मी खोदून विचारलं म्हणून.

वेंकूकडे कॉलेजात असताना ती कॅसेट होती. कुणा मित्रानं कुठून तरी आणलेली, तशी दुसरी गावात नव्हती. बारावीची परीक्षा तोंडावर आली होती. अक्का कामावरून आल्या तर हा टीव्हीसमोर. रोज तेच, रोज भांडण. त्या दिवशी तो म्हणाला, "आई, बेडकाला नदी तेवढी पार करू दे, मग बंद करतो."

"मी फेकली नाही ती कॅसेट," अक्का म्हणाल्या. "फेकली असती तर बरं झालं असतं, उचलून आणली असती त्यानं. मी खोका बंद केला. स्क्रू काढले. पट्टी बाहेर काढली, आणि कटर घेऊन चिपेचा एक एक पाय कापला. अठ्ठावीस पाय ह्या चिपेचे, अठ्ठावीस त्या चिपेचे. सावकाश. त्याला समोर बसवून."

अक्कांनी चष्मा पुसून परत नाकावर ठेवला.

"ओरडला नाही, रडला नाही. उठून अभ्यासाला बसला. रँक आला त्याचा. इंजिनियर झाला, अमेरिकेला गेला. दर रविवारी फोन करतो. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, ठेवतो. दोन मिनिटं. घड्याळ लावून बघ तू. त्या दिवसापासून माझ्याशी असाच बोलतो गं तो. चांगला बोलतो. परक्या बाईशी बोलावं तसा."

म्हणून तो बेडूक हवा होता. तसलीच कॅसेट कुणाकडून तरी सापडेल, तिच्यावरून दुसरी हुबेहूब करायची आणि कापली होती ती परत द्यायची. सगळ्या गावाच्या कॅसेटी त्या दुरुस्त करत होत्या त्या ह्या एका आशेवर. मला तेव्हा त्यांच्याकडे बघवेना.

कॅसेट आली ती हेब्बाळहून. एका केशकर्तनालयाचा मालक, गिऱ्हाइकांना ताटकळत बसावं लागू नये म्हणून दुकानात खोका ठेवायचा. त्याला विचारलं, बेडूक आहे का. तो म्हणाला, काय आहे काही कळतच नाही, सगळं फुटलंय. अक्कांनी कॅसेट खोक्यात घातली. धून वाजायला लागली, टुणटुण टुणटुण असली कसली तरी, आणि अक्कांच्या हातातून तापलेली सळई खाली पडली. फरशीवर अजून तो डाग असेल. स्वयंपाकघरात उभं राहून वर्षभर रोज ऐकलेली धून होती ती.

पण दैव कसं बघा. खेळाचं डोकं ठणठणीत होतं, चित्रांच्या चिपेचा अर्धा भाग मेलेला. झाडं, भिंती, ढग, नदी सगळं शाबूत. हलणारं मात्र जे जे होतं त्याच्या जागी भिंतीचे तुकडे. बेडकाच्या जागी चार विटा उड्या मारत होत्या. त्या विटा नदीपर्यंत गेल्या आणि बुडाल्या.

"काढते की मी बेडूक," अक्का म्हणाल्या. "शिंप्याच्या गड्याला पंचे नेसवले, बेडूक काय मोठा?"

त्या बसल्या वही घेऊन. एक दिवस, दोन दिवस, पंधरा दिवस. बेडूक काढायच्या, चिपेत भरायच्या, पडद्यावर बघायच्या आणि मान हलवायच्या. चिप पुसायची, पुन्हा भरायची. काही बेडूक तर इतके गोड होते की मी म्हणायचे, "अक्का, हाच ठेवा की." त्या म्हणायच्या, "हा नव्हे." मग कुठला, विचारलं की पुन्हा पेन्सिल उचलायच्या. एका दुपारी त्यांनी पेन्सिल ठेवून दिली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मी बघितलाच नव्हता गं," त्या म्हणाल्या. "पडद्याकडं कधी बघितलंच नाही मी. त्याच्या पाठीकडं बघून ओरडायची. छत्रीवाला बेडूक हे त्यानं जेवताना सांगितलेलं. कसा दिसतो, मला काय ठाऊक!"

"मग त्याला विचारा."

"बेडा. नको."

"का? त्याच्याशिवाय कुणाला माहीत आहे?"

"काय म्हणून विचारू? तुझी कॅसेट मी कापली, तो बेडूक कसा होता, सांग, असं? कुठल्या तोंडानं?"

माझा स्वभाव वाईट आहे, मी कबूल करते. मी भडकले. म्हटलं, "पाय कापायला हात धजला, आणि विचारायला तोंड धजत नाही?" बोलून गेले आणि जीभ चावली. अक्का उठून आत गेल्या. चार दिवस मी खाली पाऊल ठेवलं नाही आणि चारही दिवस मला शाळेत धड काही शिकवता आलं नाही.

रविवारी सकाळी खालून हाक आली, "पुणेवाली, ये खाली. कूत इथं." फोन वाजायच्या पाच मिनिटं आधी. त्यांना एकटीला धीर होत नव्हता.

फोन वाजला. जेवण, गोळ्या, सगळं झालं. मग अक्का म्हणाल्या, "वेंकू, ठेवू नको. तो बेडूक होता बघ तुझा. त्याची छत्री कुठल्या हातात होती रे?"

कारखान्यात एकानं आकडा सांगितला की दुसऱ्यानं तो मोठ्यानं परत म्हणायचा, अशी पद्धत. ती अक्कांच्या अंगात इतकी मुरली होती की फोनवर कुणी काही सांगितलं की त्या तेच मोठ्यानं परत म्हणायच्या. त्यामुळे पलीकडचा माणूस मला नेहमी ऐकू यायचा. त्या दिवशीही तसाच ऐकू आला.

"डाव्या हातात," अक्का म्हणाल्या. "छत्री डाव्या हातात. बरं. उघडी. उडी मारताना उघडी... आणि नदीत? काय? उलटी? छत्री उलटी करून आत बसतो? होडी करतो तिची?" त्यांचा आवाज फाटला. "मला ठाऊकच नव्हतं रे. छत्रीची होडी करतो हे मला ठाऊकच नव्हतं."

मग त्या म्हणाल्या, "वेंकू, त्या दिवशी मी..." आणि थांबल्या. पलीकडून तो काहीतरी बोलला. तेवढं एकच वाक्य अक्कांनी परत म्हटलं नाही. मीही कधी विचारलं नाही.

त्या रविवारी फोन चाळीस मिनिटं चालला. तिकडे रात्र झालेली, त्याला झोपायचं असणार. पण पट्ठ्या बोलत होता. पाठीवर ठिपके तीन, डोळे डोक्याच्या वर, उडी मारताना मागचे पाय लांब होतात. अक्का आलेखाच्या वहीत ठिपके भरत होत्या आणि मध्येच डोळे पुसत होत्या. छत्रीचे आकडे मला अजून पाठ आहेत. तीन सी, सात ई, एफ एफ: घुमट तयार. तेच उलटे वाचले, एफ एफ, सात ई, तीन सी, की झाली होडी.

पुढे दर रविवारी तेच. आठवडाभर अक्का काढायच्या, भरायच्या, बघायच्या. रविवारी शंका विचारायच्या. बेडकावरून गाडी कुठेही जायची. तो कुठल्या मित्राबरोबर खेळायचा, तो मित्र आता काय करतो, तिकडे बर्फ कसा पडतो, ह्याला इडलीचं पीठ आंबवता येत नाही. एकदा अक्का फोनवर इतक्या हसल्या की मी वरून धावत खाली आले. चार वर्षांत मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदा पाहिलं.

एके दिवशी शाळा अर्ध्यातच सुटली. वर पिशवी टाकून जिना उतरतानाच ती धून कानावर आली. खिडकीतून पाहिलं तर अक्का खोक्यासमोर मांडी घालून बसलेल्या, बटणं हातात. पडद्यावर बेडूक. पाठीवर तीन ठिपके, डाव्या हातात छत्री. टुणकन उडी मारून तो नदीकाठी आला, छत्री उलटी केली, आत बसला. एकही दात पडलेला नव्हता कुठे. अक्कांना खेळता मुळीच येत नव्हतं. बेडूक मध्येच बुडाला. त्यांनी पुन्हा सुरू केलं. मी पाय न वाजवता परत वर गेले. का, कोण जाणे.

मला वाटलं, रविवारी आनंदीआनंद. मी मुद्दाम केळ्याचा शिरा करून नेला. फोन आला. अक्का म्हणाल्या, "छे रे, कुठलं? दांडा वाकडाच येतोय. छत्रीचा दांडा. परत सांग बघू."

मी तिथेच बसलेली. शिऱ्याचं पातेलं मांडीवर. वही उघडून बघितली, तर दांड्याच्या ओळीत एक आकडा बदललेला. पेन्सिलीनं, धडधडीत. मी स्वतः वाचून ताडलेली ओळ होती ती.

फोन ठेवल्यावर मी म्हणाले, "अक्का, खोटं का बोललात? मी बघितलंय. कॅसेट झालीय."

"झालीय," त्या म्हणाल्या. "गेल्या महिन्यातच झाली."

"मग सांगा ना त्याला!"

"सांगते. मग तो म्हणणार, छान. म्हणणार, कुणाबरोबर तरी पाठव. तसं तो म्हणालाय मला. झाली की पाठव म्हणाला. बघायला येतो म्हणून नाही सांगितला तो." त्यांनी वही मिटली. "आणि त्याच्या पुढच्या रविवारी? जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का. आयतु. एवढ्या वर्षांनी माझा पोर माझ्याशी बोलतोय गं. कॅसेट पुरी करून मी काय करू?"

मला रडू आलं. ते लपवायला मी आणखी एक सांगून टाकलं. मास्तरीण असल्यामुळे माझ्या ध्यानात आलं होतं ते. "अक्का, तो तरी कुठे खरं सांगतोय? पहिल्यांदा छत्रीला पाच काड्या म्हणाला, मग सात. ठिपके तीनचे दोन केले, परत तीन केले. त्याला काहीएक आठवत नाहीये. मनानं सांगतो."

"सांगू दे की," अक्का म्हणाल्या. "मला काय ते कळत नाही? त्यालाही बोलायचं असेल." आणि शिऱ्याचं पातेलं माझ्या मांडीवरून काढून घेतलं.

त्यानंतर दर आठवड्याला ज्या हातानं बावीस वर्षांत एक सांधा मळकट होऊ दिला नाही, तो हात विचार करकरून एक चूक करायचा. कधी डोळा तिरका, कधी पाय आखूड. चूकही अशी नेमकी की विचारायला पुरेशी आणि फार बिघडवायची नाही. मी आकडे वाचायचे आणि चुकीच्या आकड्यावर मुद्दाम न थांबता पुढे जायचे. आम्ही दोघींनी त्याबद्दल परत कधी अवाक्षर काढलं नाही.

मग माझ्या नवऱ्याची हैदराबादला बदली झाली. सामानाचा ट्रक आला तो नेमका रविवारी सकाळी. सगळं चढवून झालं, खाली रिक्षा उभी राहिली, नवरा चला चला करायला लागला, तेव्हा मी अक्कांचा निरोप घ्यायला आत गेले. त्यांच्याशी काय बोलायचं ते मी रात्रभर ठरवलं होतं. पाया पडणार होते, वाटेल तेव्हा सुटणाऱ्या माझ्या जिभेनं कधी दुखावलं असेल तर माफ करा म्हणणार होते.

त्या फोनवर होत्या. खिडकीशी, खुर्चीत, रिसीव्हर खांद्यात धरून. मला बघून त्यांनी फोनवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं माझा गाल धरला, घट्ट. "पोचलीस की पत्र टाक. आणि फोन नको, रविवारी तर मुळीच नको," म्हणाल्या. डोळे भरलेले आणि तोंड हसरं. मी वाकले तर त्यांनी अर्ध्यातच उठवलं आणि जा जा म्हणून मान हलवली, कारण पलीकडून तो काहीतरी विचारत होता.

मी दारापर्यंत आले. मागून त्यांचा आवाज येत होता, "होय रे, अजून तसाच वाकडा. सावकाश सांग. स्वल्प थांब, एक एक ओळ सांग, मी लिहून घेते. हं... हं, लिहितेय."

मी वळून पाहिलं. वही टेबलावर मिटलेली होती आणि त्यांच्या हातात पेन्सिल नव्हती.